पुरुष वॉर्डातल्या रिकाम्या खाटा

दर सोमवारी सकाळी अकराच्या आसपास आमच्या कार्यालयात एक चिठ्ठी यायची. कार्यालय म्हणजे कळंबच्या बसस्थानकासमोरचा एक गाळा. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि जिल्ह्याच्या दैनिकाची पाटी. मी तिथे तालुका वार्ताहर होतो. चिठ्ठी रोज एक तारीख फाडायच्या छोट्या कॅलेंडरच्या कागदामागे लिहिलेली असायची. पुढे रविवारची लाल तारीख आणि मागे निळ्या शाईत मजकूर: "पुरुष वॉर्ड. खाटा बारा. रिकाम्या चार. बातमी लावावी."

चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ ती स्वतःच आणत. साठी ओलांडलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. पांढरा शर्ट, पायात काळे बूट, तेही उन्हाळ्यात. चिठ्ठी टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसत आणि मी वाचेपर्यंत काही बोलत नसत.

"ही बातमी होत नाही, ब्रदर," मी पहिल्या दिवशी सांगितलं.

"का?"

"यात काही घडलेलं नाही."

"तेच तर लिहिलंय. गेल्या सोमवारी दोनच रिकाम्या होत्या. म्हंजी दोन माणसं ह्या आठवड्यात दवाखान्यात आली न्हाईत. घरी हायती. भाकरी खायलेत. लिहा."

"कोण ती दोन माणसं?"

"मला कसं ठाव? न आलेल्या माणसाचं नाव कुणी लिहून घेतं का?"

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "पत्रकार, एखादा पिऊन मेला की तुमी चौकट करता. दोघं जगले तर त्यांना तुमच्याकडं जागा न्हाय."

मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. पुढच्या सोमवारी दुसरी आली. मी तिथे असेपर्यंत त्या येत राहिल्या आणि शेवटची सोडली तर मी एकही पुढे पाठवली नाही.

सरकारी दवाखान्यात पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणतात. या गृहस्थांची बहुतेक नोकरी कळंबच्या दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात गेली होती; तिथल्या निम्म्याहून जास्त खाटांवर दारूने यकृत बिघडलेली माणसं असत. निवृत्तीनंतर पगार थांबला, नाव थांबलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या त्यांना ब्रदर म्हणत, शाळेतली पोरं ब्रदर म्हणत. एकदा त्यांच्या पत्नीचा कार्यालयात फोन आला तेव्हा तिनेही "ब्रदर हायती का तिथं?" असंच विचारलं.

निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी ते गावाहून पहिल्या एसटीने कळंबला येत, वॉर्डातून एक चक्कर मारत आणि खाटा मोजत. वॉर्डातल्या सिस्टर हसून म्हणत, "ब्रदर, तुमची ड्युटी संपली की ओ." ते म्हणत, "ड्युटी संपली, खाटा कुठं संपल्यात?" कुणी त्यांना अडवत नसे. एखाद्या रोग्याची सलाईन संपत आलेली दिसली तर ते सिस्टरना सांगत आणि पुढे जात.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा टॉर्च असे. बसस्थानकात, चहाच्या टपरीवर, धान्यबाजारात म्हणजे मोंढ्यात, जिथे माणूस भेटेल तिथे ते त्याला सांगत, "वर बघ." माणसाने वर पाहिलं की अंगठ्याने खालची पापणी ओढून ते बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा झालाय का बघत. मग तळवे बघत. मग, माणूस ओळखीचा असेल तर, पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरत आणि काढल्यावर तिथे खड्डा राहतो का ते बघत. खड्डा राहिला, म्हणजे अंगात पाणी साठलेलं असलं, की ते फक्त दवाखान्याच्या दिशेला हात करत. पिणारी माणसं त्यांना लांबून पाहून फलाटाच्या दुसऱ्या टोकाने वळसा घालत.

मोंढ्यात पोती उचलणारा एक हमाल होता, चाळिशीचा. तो वळसा घालत नसे. एकदा टपरीवर मी दोघांच्या शेजारीच होतो.

"वर बघ," ब्रदर म्हणाले.

"आज न्हाय ब्रदर. आज एकादशी हाय."

"एकादशीला काविळीची सुट्टी असती का? बघ वर."

हमालाने वर पाहिलं. टपरीवरची चार माणसंही उगाच वर पाहू लागली.

"अजून पिवळं न्हाय. किती घेतो?"

"एकच की."

"एक म्हणणाऱ्याच्या पोटात तीन असत्यात. रोज किती पडतो सध्या?"

हमालाने दिवसाची मजुरी सांगितली.

"एका रोजात किती क्वार्टरी येत्यात?"

"असा हिशेब कोण करतंय?"

"म्या करतो. तू मोंढ्यात आला तवा रोजात तीन यायच्या. आता आठ येत्यात. तुझा रोज वाढला, तेलाचा डबा वाढला, पोराची वही वाढली. देशी बघ. तिला तुझी दया आलीय. ती तिथंच बसलीय."

"देव हाय ती," हमाल म्हणाला, आणि टपरी हसली. ब्रदर हसले नाहीत. टॉर्च खिशात ठेवून त्यांनी चहाचे पैसे दिले, हमालाचेही.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. माणूस दुःखाने पितो, सुखाने पितो, संगतीने पितो, ही सगळी कारणं त्यांनी वॉर्डात ऐकली होती आणि ती खरी आहेत असं ते मानत. पण यांतलं एकही कारण सरकारच्या हातात नाही. भाव आहे. मजुरी वाढते त्या वेगाने दारूवरचा कर वाढत नाही, म्हणून दर वर्षी दारू न बोलता स्वस्त होत जाते आणि त्यांच्या खाटा भरत जातात. सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीनंतर वॉर्डात जागा उरत नाही, हे त्यांनी सांगितल्यावर मी दोन वर्षं स्वतः जाऊन पाहिलं. तसंच होतं. जिल्ह्याचा दारूचा महसूल वाढल्याचं सरकारी पत्रक मी छापलं की ते कात्रण घेऊन येत आणि टेबलावर ठेवत. "हा आकडा छापला. आता खाटांचा छापा. दोन्ही एकाच बाटलीतून आलेत."

राज्याच्या अर्थसंकल्पाआधी दर वर्षी ते अर्थमंत्र्यांना एक पोस्टकार्ड पाठवत. त्यात एकच ओळ असे: "दारूवर कर वाढवावा, कारण समक्ष सांगेन." समक्ष बोलावणं कधी आलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं असं दिसलं नाही. पोस्टकार्ड पोचलं असणार, असं ते म्हणत. पोचणं त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. "भाव पोचला पाहिजे," हे त्यांचं दुसरं वाक्य. कर वाढला, बाटलीवरची किंमत बदलली, तरी तेवढ्याने काम होत नाही. ती किंमत पिणाऱ्याच्या खिशाला लागली पाहिजे. मुकादम मजुरीच्या बरोबर बाटली देतो, मित्र पाजतो, बायको भांडण नको म्हणून पन्नास रुपये काढून देते. मग भाव वाटेतच मुरतो. वॉर्डाबाहेर बसलेल्या बायकांना ते सांगत, "माऊली, तुमी नवऱ्याला दिलेली नोट म्हंजी सरकारनं लावलेला कर तुमी फेडला. त्याला काय कळलंच न्हाय." काही बायका मान हलवत. काही दुसरीकडे बघत.

त्यांच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं मतदान झालं, तेव्हा मी बातमीसाठी गेलो होतो. या मतदानात फक्त बायका मत देतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मतदानाच्या आठवडाभर आधी मारुतीच्या पारासमोर सभा होती. पुढे शंभरेक बायका बसल्या होत्या. अंगणवाडीच्या ताई बोलल्या, टाळ्या पडल्या. मग ब्रदर उठले.

"बंद करा," ते म्हणाले. "माझी ना न्हाय. पण नुसतं बंद करून भागत न्हाय. शेजारच्या गावात दुकान बंद झालं. आता बाटली मोटारसायकलवर घरपोच येती. उधारीवर येती. तिथली माणसं माझ्या वॉर्डात कमी झाली न्हाईत. ग्रामसभेचा ठराव करा, दारू महाग करा म्हणून. तो ठराव वर पाठवा. आन् मतदान उन्हाळ्यात घ्या. अर्ध्या बायका ऊसतोडीला गेल्यात. त्या यादीत हायत, गावात न्हाईत."

पहिल्या रांगेतून एक बाई उठली. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता.

"ब्रदर, दुकानदारानं किती दिले?"

हशा झाला, पण तो लवकर थांबला.

"वहिनी, मला कोण देतंय?"

"मग महाग करा कशाला म्हणता? महाग झाली तर बाईच्या गळ्यातलं जातंय. माझी आधी भांडी गेली, मग मणी गेले. तुमच्या घरात पिणारा न्हाय, म्हणून तुमाला भाव सुचायलाय."

ब्रदरनी खिशातून टॉर्च काढला, एकदा लावला, बंद केला आणि परत ठेवला. बाजूला त्यांची पत्नी उभी होती. तिने पदर ओढून घेतला. मी हे टिपून घेतलं, पण बातमीत वापरलं नाही. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

मतदान हिवाळ्यातच झालं. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी यादीच्या निम्मं भरलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या बायका कारखान्यांच्या तळांवर होत्या. दुकान राहिलं. गावाने याचा दोष ब्रदरना दिला. कुणीतरी त्यांच्या घराच्या भिंतीवर कोळशाने उभी बाटली काढली. त्यांनी ती पुसली नाही. पावसाने पुसली.

पुढे सरकारने खरोखरच कर वाढवला. कर कोणत्या बाटलीवर किती वाढला, यावर मुंबईत बरीच चर्चा झाली. कळंबमध्ये देशीच्या क्वार्टरची किंमत वाढली एवढं कळलं. त्या सोमवारी ब्रदर अर्धा किलो पेढे घेऊन कार्यालयात आले. मी त्यांना पेढे वाटताना त्याआधी पाहिलं नव्हतं. समोरच्या टपरीवरही त्यांनी वाटले.

"कशाचे?" हमालाने पेढा तोंडात टाकून विचारलं.

"तुझी देशी महागली."

हमाल चावायचा थांबला. "अहो ब्रदर! आन् मी खाल्ला की!"

"गिळ आता. वर बघ."

त्यानंतरच्या काही महिन्यांत चिठ्ठ्यांवरचा आकडा हलला. रिकाम्या पाच. रिकाम्या सहा. एकदा रिकाम्या सात. हमाल आणि त्याचा जोडीदार आता एक क्वार्टर दोघांत घेत होते. "ब्रदरनं आमचं लगीन लावलं," असं तो जोडीदाराकडे बोट दाखवून सांगे. त्याचे डोळे स्वच्छ होते.

"हे भाव वाढल्यामुळेच झालं, असं म्हणायचं का?" मी ब्रदरना विचारलं.

"मी तसं म्हणत न्हाय. पाऊस बी जास्त झालाय, कामं कमी हायत. चार-दोन माणसं हातभट्टीकडं गेलीत, ते बी लिहा. पर खाटा रिकाम्या हायत एवढं तर खरं हाय? तेवढंच लिहा."

मी लिहिलं नाही. खाटा रिकाम्या असल्याची बातमी कुठल्या पानावर जाते, हे मला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेक आणि जावई यांना घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात, जावयाचे पाय धुतात, त्याला आहेर करतात. ब्रदरनी मलाही जेवायला बोलावलं. त्यांना एकच मुलगी. ती ढोकीला दिलेली. जावई ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर चालक होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. पस्तिशीचा, अंगाने रुंद, बोलायला मऊ. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात तुपाचा वास होता. त्याच्या जवळ बसल्यावर दुसराही वास आला.

त्याला पाटावर बसवलं. समोर परात ठेवली. ब्रदर गुडघ्यांवर बसले, त्यांची पत्नी तांब्यातून पाणी ओतू लागली आणि ते जावयाचे पाय धुऊ लागले. मी दोन हातांवर होतो. पाय सुजलेले होते. टाचेच्या वर कातडी ताणून चकचकीत झाली होती. ब्रदरनी उजवा पाय हातात घेतला. त्यांचा अंगठा नडगीवर आला आणि तिथे थांबला. सवयीने थांबला असावा. त्यांनी तो काढला तेव्हा तिथे खड्डा होता. अंगठ्याच्या आकाराचा, खोल. तो भरून यायला बराच वेळ लागला. पाणी ओतणं थांबलं होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खड्ड्याकडे पाहत होते. मग त्यांनी टॉवेल घेतला, पाय पुसला, दुसरा पाय धुतला, तोही पुसला. कुंकवाची बोटं ओढली. वाकून नमस्कार केला.

"जावईबापू, सावकाश जेवा," ते म्हणाले.

आहेरात कपडे, चांदीचं निरांजन, सोन्याची अंगठी आणि एक पाकीट होतं. जावयाने चार घास खाऊन ताट बाजूला सारलं. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती, तिच्या कडेवर लहान मूल होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते पानातलं पुरण बोटाने एकत्र करत होते.

एसटीच्या थांब्यापर्यंत ते मला सोडायला आले.

"पाय बघितलेत," मी म्हणालो.

"बघितले."

"डोळे?"

"न्हाय बघितले."

"का?"

ते चालत राहिले. "जावयाला कसं म्हणायचं, वर बघ? सासऱ्यानं?" थोड्या वेळाने म्हणाले, "लगीन झालं तवापासून घेतो. पहिल्या दिवाळसणालाच मला वास आला. म्या म्हटलं, पाहुणा हाय."

"आणि भाव वाढल्यावर?"

एसटी आली.

श्रावणात जावयाला लातूरला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न नेता ब्रदरनी त्याला स्वतःच्या वॉर्डात आणलं आणि खिडकीजवळची खाट दिली. मी दुपारी भेटायला गेलो. त्या दिवशी बारापैकी सात खाटांवर माणसं होती. जावयाचं पोट वर आलं होतं, डोळे उघडे होते आणि ते हळदीसारखे पिवळे होते. ते बघायला टॉर्च लागत नव्हता. ब्रदर त्याची चादर बदलत होते. नव्या परिचारकाला त्यांनी हात लावू दिला नाही. जावई अधूनमधून त्यांना "मामा" म्हणून हाक मारत होता आणि ते दर वेळी "हाय, हाय इथंच" म्हणत होते.

मुलगी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या खाटांवरचं बोलणं थांबलं.

"आण्णा, भाव वाढला तवा तुमी पेढे वाटले न्हवं?"

ब्रदर चादरीचं टोक गादीखाली खोचत होते.

"मला वाटलं, आता कमी करतील. कमी करायचं म्हणायले व्हते ते. खरंच म्हणायले व्हते. पैशे पुरत न्हाईत म्हणून. तवाच तुमी दर महिन्याला पैशे पाठवायला लागले. लेकराच्या दुधाला."

"दुधालाच पाठवत होतो, बाळ."

"ते दूध कधी आलं का, ते इचारलं का तुमी? माझ्या हातातून ते त्यांच्या हातात जात व्हते. तुमाला ठाव व्हतं. अंगठी बी गेली, धोंड्याची. आठ दिवसांत गेली." ती थांबली. "सगळ्या गावच्या बायकांना सांगत फिरला, नोट देऊ नका. मला का न्हाय सांगितलं? माझ्याशी भांडायचं. त्यांच्याशी भांडायचं. एकदा तरी."

"पाहुण्याशी कसं..." ते म्हणाले आणि पुन्हा चादर खोचू लागले.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. थोड्या वेळाने तेही आले. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. ज्या बायकांना ते इतकी वर्षं नोट देऊ नका म्हणून सांगत आले, तशाच. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या शेजारी उभे राहून, वॉर्डातला अहवाल द्यावा तशा आवाजात ते म्हणाले, "पत्रकार, भाव सगळीकडं पोचला. मोंढ्यात पोचला. माझ्या जावयापर्यंत पोचला न्हाय. मधे म्या उभा होतो."

जावई दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गेला. घरच्यांनी दिलेली दोन ओळींची निधनवार्ता मी लावली. तिच्यात अल्पशा आजाराने असं लिहिलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

सोमवारी चिठ्ठी आली. ते आत आले नाहीत. टपरीवाल्याने ती आणून टेबलावर ठेवली. पुढे रविवारची लाल तारीख होती. मागे नेहमीची निळी शाई, अक्षर नेहमीसारखंच सरळ.

"पुरुष वॉर्ड. खाटा बारा. रिकाम्या सहा. त्यातली एक धरू नये."

बातमी लावावी, ही ओळ नव्हती.

मी ती टाइप केली आणि जिल्ह्याच्या डेस्कला पाठवली. अर्ध्या तासाने उपसंपादकाचा फोन आला.

"हे काय पाठवलंय?"

"बातमी आहे."

"असेल. पण आकडा एक सांगा. रिकाम्या सहा, की पाच?"

विचारून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. ज्यांना विचारायचं ते गाळ्यातून दिसत होते. रस्त्यापलीकडे फलाटाच्या बाकावर ते गावाकडच्या गाडीची वाट पाहत बसले होते. त्यांच्यासमोरून माणसं जात-येत होती. कुणी वळसा घालत नव्हतं. मोंढ्यातला हमाल आला, त्यांच्यापुढे थांबला, आणि सांगायच्या आधीच त्याने मान मागे टाकून वर पाहिलं. ब्रदरचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले.

हमाल थोडा वेळ तसाच वर बघत उभा होता. मग मान खाली घेऊन तो निघून गेला. टेबलावर डेस्कचा फोन पुन्हा वाजत होता.